बद्द

भट्टी उघडली की मी मडकं आधी बघत नाही.
ऐकतो.
कानाशी धरायचं, पेरानं टिचकी.
टण्ण म्हणालं तर बाजाराला,
बद्द म्हणालं तर परसात, कोंबड्यांच्या पाण्याला.
तीस वर्षांत डोळा चुकलाय माझा,
कान नाही.

तर खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
हिरव्या रेक्झिनवर मी उताणा,
आणि होसमनी डॉक्टरीणबाई माझ्या छातीवर
एक बोट आडवं ठेवून
दुसऱ्यानं टिचकी मारत खाली खाली.
वर पोकळ. रांजणासारखं घुमत होतं.
बरगडी, बरगडी, आणखी एक,
आणि एकदम
बद्द.

मी दचकलो. बाई नाही दचकल्या.
"इथं तसंच वाजतंय की, यकृत हाय तिथं.
कुठं थांबतंय तेवढं बघायचं."
बरगडीच्या कडेला थांबायला हवं होतं.
दोन बोटं खाली आलं. अडीच.
"उसुर तगोरी, दम घ्या,"
मी दम घेतला, आणि आतलं काहीतरी सरकून
त्यांच्या बोटांच्या टोकांना टेकलं,
दाराआडून पोर बघावं कोण आलंय, तसं.
"हद्द सोडलीय हो यानं," बाई म्हणाल्या.
आमच्या भागात हा शब्द कुणी सहज काढत नाही.
पडद्यापलीकडची माणसं हसली.

बाहेर बाकावर भरमू.
"सोड की आता. चोर्ल्यातनं आणतोस नव्हं?"
मी थेंबाला शिवलेलो नाही.
पण यकृत सुजलं म्हटलं की
लोक बाटलीच मोजतात,
चहाचे कप कोण मोजतंय?

कपच होते. दिवसाला नऊ, पाकासारखे,
वर बुडवायला बिस्किटं,
आणि मेव्हणा बेळगावास्नं आला की कुंदा.
चाकाला मोटार बसली त्याला सात वर्षं झाली.
आधी काठीनं फिरवायचो,
खांदा, पाठ, मांड्या, सगळा मीच फिरायचो चाकाबरोबर.
आता बटण दाबतो.
चाक फिरतं, मी बसतो.

खुणा होत्या. मालूला दिसल्या होत्या.
दुसऱ्या भाकरीला हात जाईना,
करदोडा दोनदा सैल केला,
दुपारी चाकावरच डुलकी,
उजव्या कुशीला ओल्या मातीचा गोळा ठेवल्यागत.
दुखत काहीच नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.
मडकं तरी कुठं आपणहून सांगतं?

फोटो बेळगावात काढला.
कागद इंग्रजीत, शिक्का कानडीत,
मला समजलं एवढंच, चरबी.
चुलतीला सांगितलं, काळीज मोठं झालंय.
"मग चांगलंच की," ती म्हणाली,
"तुझ्या बापाचं फार बारकं होतं."

बाईंनी साखर तोडली. चालायला लावलं.
मनानं गोळी नको, बाजारातली पाल्याची भुकटी तर नकोच.
काविळीचं रक्त तपासलं,
पोराला लस टोचून घ्या म्हणाल्या.
मग मी विचारलं, परत जागेवर जाईल?
"जाईल की. अजून घट्ट झालेलं नाही."

हे मला कुणी फोडून सांगायला नको.
कच्चं मडकं वाकडं झालं तर
भिजवावं, तुडवावं, पुन्हा माती.
एकदा भाजलं की मग
नदीत बुडवून ठेवलं तरी
ते तसंच.

आता माती मीच आणतो, मलप्रभेच्या काठनं,
डोक्यावर, टेम्पो न सांगता.
काठी माळ्यावरनं काढलीय.
पहिले दोन दिवस चाकानं मला फेकलं,
आणि पोर हसून हसून लोळलं.
चहा दोन. बिनसाखरेचा पहिला घोट
अजून औषधासारखा जातो.

परवा रात्री मालू म्हणाली,
एवढा कान आहे तुला, वाजवून बघ की.
उताणा पडलो. एक बोट आडवं, दुसऱ्यानं टिचकी.
वर पोकळ.
खाली
काय की.
दोनदा, तीनदा वाजवलं. आपलंच मडकं,
आपल्यालाच ऐकू येईना.

"सोमवारी तारीख हाय," मालू म्हणाली, दिवा मालवत,
"त्या बाईलाच वाजवू दे."